रोडिओचं नाणं आणि तुझे रविवार

अनंता, तुला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. वहिनी उशाशी बसल्या होत्या. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघायचं सोडून तुझ्या काचेच्या कपाटापाशी उभा होतो. हे तुलाच सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. लोकांना वाटलं, गजानन मास्तर कपाटाला टेकून रडताहेत. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडत नव्हतो. दुसऱ्या खणातली ती निळी डबी जागेवर आहे का, ते मी बघत होतो.

डबी नव्हती. आणि तुला उचलायची वेळ झाली तेव्हा माझ्या मनात काय होतं, सांगू? तू गेलास हे नव्हतं. नाणं कुणी नेलं, हे होतं.

तुझा हेवा करायची मला सवयच लागली होती. म्हापशाला कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो, तिथपासूनची. खाणावळीतली बाई तुला माशाचा मोठा तुकडा वाढायची, मला शेपटाकडचा. तू पेडण्याच्या बाजारात औषधांचं दुकान घातलंस, मी डिचोलीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. मी तीस वर्षं पोरांना रेघ ओढायला शिकवलं, पण माझेच विद्यार्थी तुझ्या दुकानात येऊन तुझ्याशी गप्पा मारत बसायचे. आमची ही सुद्धा म्हणायची, "अनंतभावजी कसे बोलतात बघा, नाहीतर तुम्ही." घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत यायचो.

नाण्यांच्या बाबतीत तरी भांडण नको म्हणून आपण वाटणी केली होती. जनावरांची नाणी मी जमवायची, जहाजांची तू. तुला कुठे हत्ती, उंट, मासा मिळाला तर तो माझ्याकडे येणार, मला गलबत मिळालं तर ते तुझ्याकडे. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी डिचोलीजवळच्या आमच्या सर्वण गावाहून निघायचो, दुपारी एकला तू दुकानाची फळी ओढून घ्यायचास, आणि वहिनींच्या हातचं माशाचं हुमण-भात जेवून आपण मेजावर नाणी मांडायचो. तू वाटणी नेहमी पाळलीस, हे मी मान्य करतो. मोझांबिकहून आलेल्या कुणा गिऱ्हाईकाने दिलेला हत्ती तू मला मागायच्या आधी दिला होतास.

मग तुझ्या पुतणीने कॅनडाहून ते नाणं पाठवलं.

तिच्या शहरात दर उन्हाळ्यात घोड्याबैलांची मोठी जत्रा भरते, रोडिओ म्हणतात तिला. उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर बसायचं आणि आठ सेकंद टिकायचं. त्या जत्रेची आठवण म्हणून तिकडच्या सरकारने काढलेलं चांदीचं नाणं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला मागचे पाय उडवणारा घोडा आणि त्याच्यावर माणूस. निळ्या मखमलीत बसवलेलं. तू डबी उघडलीस आणि मी हात पुढे केला. घोडा म्हणजे जनावर. नाणं माझं.

"थांब," तू म्हणालास. "हें जनावराचं न्हय. माणसाचं नाणं हें."

"अनंता, घोडा आहे हा! अर्धं नाणं व्यापलंय त्याने."

"घोड्याक कितें? घोडा उडी मारून मोकळो. नाणं त्या वयल्या माणसाचं. तो पडतलो. तूं पळे सारको, टोपी उडाल्या त्याची."

मी नाणं खिडकीकडे नेलं, उजेडात धरलं आणि म्हणालो, "दिसते की. टोपीने काय होतं?"

मला टोपी दिसत नव्हती, अनंता. माणूसच दिसत नव्हता. नाण्याच्या कडेची अक्षरं दिसत होती, घोड्याची शेपटी दिसत होती, आणि मधोमध पाणी पडून रंग पसरावा तसा नुसता करडा डाग. डोळ्याच्या पडद्याचा आजार. त्याच्या आदल्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्याच्याकडे बघाल तेच पुसट होत जाईल, कडेचं राहील. चित्रकलेच्या मास्तराला! हे मी घरी सांगितलं, तुला नाही सांगितलं. औषधं तुझ्या दुकानातून घेतली नाहीत, म्हापशाला उतरून घ्यायचो. तुझ्यासमोर मेजावर नाणी मांडताना कुठलं नाणं कुठे ठेवलंय ते आधी घरी पाठ करून यायचो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुझ्या हातात सगळंच होतं. माझ्याकडे एक नजरच काय ती चांगली होती असं तूच म्हणायचास, "गज्याची नदर म्हणजे भिंग." ते तुझ्या तोंडचं एकमेव कौतुक मला घालवायचं नव्हतं.

तर न दिसणाऱ्या माणसावरून आपण पाच-सहा वर्षं भांडलो. दर चौथ्या शनिवारी निदान एकदा. तू म्हणायचास माणसाचं, मी म्हणायचो जनावराचं. कधी हसत, कधी नाही. वहिनी म्हणायच्या, "मोडून अर्धं अर्धं घ्या आणि पावाचे उंडे थंड होताहेत ते खा."

गेल्या वर्षी तू उजवा हात पॅन्टच्या खिशात ठेवून बसायला लागलास. बोलताना खिशात, चालताना खिशात, चहासुद्धा डाव्या हाताने. मला वाटलं, तू नाणं खिशात घेऊन फिरतोस. मला खिजवायला बोटांत खेळवतोस. त्या शेवटच्या शनिवारी मी ते बोललो. "काढ की बाहेर," मी म्हणालो. "दाखव एकदा, काय चाळवतोस ते."

तू हात बाहेर काढला नाहीस. म्हणालास, "कांय ना रे."

"तू संग्राहक नव्हेसच अनंता. तू नुसता नशीबवान आहेस. बसल्या जागी पुतणी पाठवते. मी एकेका नाण्यासाठी उन्हातान्हात फिरलोय."

तू डाव्या हाताने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवलास. ते मला जास्त लागलं. मी न जेवता उठलो. वहिनी दारापर्यंत आल्या, "भावजी, तिसऱ्यांचं सुकं केलंय," म्हणाल्या, आणि मी बस चुकेल असं खोटं सांगितलं. पुढच्या शनिवारी तुझा फोन आला, मी पाहुणे आहेत म्हणालो. त्याच्या पुढच्या शनिवारी फोन वाजला तेव्हा मी अंगणात होतो आणि अंगणातच राहिलो. दोन महिने. मग वहिनींचा फोन आला, आणि तो घ्यायला मी धावत गेलो, कारण मला वाटलं तू त्यांना मध्ये घातलं असशील.

बाराव्याला मी वहिनींना विचारलं. आडून आडून, कपाटाची किल्ली कुणाकडे, संग्रहाचं पुढे काय, असं करत. त्या सरळ म्हणाल्या, "तें घोड्याचं नाणं न्हय? तें त्यांनी शिवाप्पाला दिलं. गणेशचवथीच्या आधीच."

"शिवाप्पा कोण?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नाही, पण त्या थांबल्या हे कळलं. "तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. तुझ्या नवीन चपलांपासून तुझ्या जावयाच्या बदलीपर्यंत सगळं ठाऊक असलेल्या मला हे नाव पहिल्यांदा कळत होतं. बेळगावकडचा बांधकामावरचा माणूस. परांचीवरून पडून पाय मोडला होता, तू त्याची औषधं, पट्ट्या बघितल्यास, आता चोपड्याला नदीकाठच्या एका नव्या इमारतीवर राखण करतो. वहिनींनी एवढं सांगितलं. नाणी जमवतो का, मी विचारलं. "खंयचीं नाणीं," त्या म्हणाल्या.

रात्रभर, नव्हे, पुढचा आठवडाभर मी जळलो. मला दिलं नाहीस ते दिलं नाहीस. एखाद्या जाणकाराला दिलं असतंस तर मी गिळलं असतं. पण ज्याला नाणं म्हणजे काय हे माहीत नाही त्याला? रविवारी सकाळी मी माझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू, पोर्तुगेज काळातली ती चांदीची रुपी, रुमालात बांधली आणि निघालो. तीच रुपी, जिच्यावर तुझी इतकी वर्षं नजर होती आणि जी मी तुला कधी हातात पाच मिनिटांच्या वर ठेवू दिली नाही. ती देऊन नाणं बदलून घ्यायचं, असं ठरवून गेलो. माझ्या मते सौदा त्याच्या फायद्याचा होता.

शिवाप्पा चाळिशीचा असेल. पत्र्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला होता, मला बघून उठला तेव्हा एक पाय ओढत उठला. मी नाव सांगितलं.

"गजासर?" तो म्हणाला. "या की, बसा. तुमच्या आवाजावरनंच ओळखलं असतं मी. डॉक्टर तुमची नक्कल करायचे."

औषधं देतोस म्हणून तू त्याचा डॉक्टर, आणि तू त्याला माझी नक्कल करून दाखवायचास. मी बसलो. मला पाणी दिलं, चहा टाकायला बायकोला सांगितलं. मी विचारलं, तो तुझ्याकडे किती वेळा यायचा.

"मी कुठं? तेच यायचे. दर रविवारी सकाळी."

"रविवारी तो म्हापशाला मुलीकडे जायचा."

"आधी जात असतील. वरीसभर तरी इथंच यायचे." त्याने नदीकडे हात केला असावा. "माझा पाय बसला तेव्हा त्यांनी मला चालवलं ह्या काठानं. रोज एवढं, रोज एवढं. कंत्राटदारानं सोडून दिलेलं, बायको गावाकडं. हेच यायचे दुकान उघडायच्या आधी. मग त्यांचं ते सुरू झालं, तवा मी त्यांना धरून चालवायचो. रविवारचं."

"त्यांचं कसलं?"

तो पुढे वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "कंप सुटायचा न्हवं का सर. हाताला आधी. मग पायाला."

अनंता, खिशातला हात.

मी तिथे बसून तो शनिवार परत परत आठवला. "काढ की बाहेर" म्हणालो होतो मी. औषधं मोजणारा तुझा हात. गोळ्यांची पुडी एका बोटाने बांधायचास तो हात. आणि मी तुझ्यापासून दोन हातांवर बसून, पन्नास वर्षांचा मित्र, काय बघितलं? मला बघता येत नव्हतं आणि तुला दाखवायचं नव्हतं. तू एक लपवत होतास, मी एक लपवत होतो, आणि मध्ये मेजावर आपण नाणी मांडत होतो.

"पडायचा का तो?" मी विचारलं.

"दोनदा पडले. एकदा पार चिखलात. मी घाबरलो, तर हेच हसायला लागले. म्हणाले, शिवाप्पा, गजाला सांगू नकोस."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

त्याने जरा विचार केला. खोटं बोलायचं असतं तर इतका वेळ लागला नसता. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, त्याला सांगितलं की तो माझ्यावर दया करील. मग दया करणाऱ्याशी भांडता येत नाही. भांडायला एवढा एकच माणूस ठेवलाय मी."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. एखाद्याला वाटलं असतं. मला वाटलं, तुझी सगळी भांडणं घे परत आणि त्यातला एक रविवार दे. चिखलातला तो रविवार दे. तू पडलास तेव्हा हात द्यायला मी असायला हवा होतो, आणि तिथे हा होता. नाण्यासाठी मी तुझा जेवढा हेवा केला त्याच्या दसपट मी त्या खुर्चीत बसून त्या लंगड्या माणसाचा केला. त्याच्या हाताचा केला. त्या हाताने तुझं वजन पेललं होतं.

मी नाणं बघायला मागितलं. त्याने आतून आणलं, डबीसकट. मी ते तळहातावर घेतलं, तिरकं केलं, डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. मग मला त्या ढोंगाचा कंटाळा आला. कुणासाठी करायचं आता?

"मला दिसत नाही रे," मी म्हणालो. "मधलं दिसत नाही. काय आहे ते सांग."

बाहेरच्या माणसाला हे मी पहिल्यांदा सांगितलं, आणि ते तुला नव्हे, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं.

शिवाप्पाला आश्चर्य वाटलं नाही. त्याने खुर्ची जवळ ओढली. गावाकडे तो शर्यतीच्या बैलगाड्या हाकायचा, जनावराच्या अंगातला जोर त्याला कळतो. तो बोटाने माझं बोट धरून नाण्यावर फिरवत गेला. "हे मागचे पाय. दोन्ही वर. सगळा भार पुढच्या खुरांवर आलाय. ही मान, खाली घातलीय. हा माणूस. एक हात दोरीला, एक हात वर. ही टोपी, बघा, ही उडालीय. पण सर, हा पडणार नाही."

"अनंता म्हणायचा, पडतोय."

"चुकत होते ते. गुडघे बघा ना कुठं लावलेत. असे गुडघे लागले की माणूस पडत नाही. ह्यावरनं तर आमचं भांडण व्हायचं दर रविवारी. डॉक्टर म्हणायचे पडणार, मी म्हणायचो न्हाई."

बघ! भांडायला एकच माणूस ठेवलाय म्हणणारा तू. मी तिथेच जोराने हसलो आणि हसता हसता मला रडू आलं. तुझ्या घरात, तुझ्या उशाशी जे आलं नव्हतं, ते त्या पत्र्याच्या खोलीपुढे आलं. शिवाप्पाच्या बायकोने चहा आणला तो निवून गेला.

मग मी रुमाल सोडला. रुपी त्याच्यापुढे धरली, ती काय आहे, किती जुनी, अशी आता सहज मिळत नाही, सगळं सांगितलं. नाण्याच्या बदल्यात घे म्हणालो. त्याने रुपी हातात घेतली, आदबीने बघितली आणि परत माझ्या मुठीत ठेवली.

"रागावू नका सर. हे मी देणार न्हाई. ज्या दिवशी मी काठीशिवाय पुलापर्यंत गेलो, त्या दिवशी त्यांनी दिलंय. तुम्ही कधीबी या, हातात घ्या, बसा घेऊन. पण नेऊ नका."

मला राग आला नाही असं नाही. पण अनंता, तू बरोबर माणसाला दिलंस. हे मी लिहितोय खरा, आणि लिहिताना दात आवळलेले आहेत. मी ते घरी नेऊन खणात ठेवलं असतं, हत्ती आणि उंटांच्या मध्ये, आणि कडेची अक्षरं तेवढी वाचत बसलो असतो. तो ते रोज बघतो. त्याला ते सगळं दिसतं.

बसथांब्यापर्यंत तो मला सोडायला आला. वाटेत खडी पसरली होती तिथे त्याने न विचारता माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही. बस यायला अर्धा तास होता. तू दुकानात कसा होतास ते त्याने सांगितलं, तू कॉलेजात कसा होतास ते मी सांगितलं. म्हापशाच्या खोलीत तू सगळ्यांचे सदरे एकाच बादलीत भिजवून सगळे गुलाबी केलेस, ते सांगितलं. वहिनींना बघायला गेलास तेव्हा माझे बूट घालून गेलास आणि ते चावले म्हणून लंगडत आलास, ते सांगितलं. तो पोट धरून हसला. त्याच्याकडे तुझं शेवटचं वर्ष होतं, माझ्याकडे आधीची सगळी. मी मोकळ्या हाताने देत गेलो.

एक तेवढं सांगितलं नाही. तुझी आई गेली तेव्हाचं. आपण एकोणीस वर्षांचे होतो, चोपड्याचा हा पूल नव्हता, तुझ्या घरी जायला शिवोलीहून फेरीने पलीकडे जायचो. तार म्हापशाला आली होती आणि मी तुझ्याबरोबर निघालो होतो. फेरी सुटली आणि तू उभ्याउभ्या माझ्या खांद्यावर डोकं टाकलंस. नदी ओलांडून होईपर्यंत तुझं सगळं वजन माझ्यावर होतं, आणि मी कठड्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तुला धरलं होतं. चोपड्याच्या धक्क्याला फेरी लागली तसा तू सरळ झालास, तोंड पुसलंस आणि म्हणालास, "गज्या, हें कोणाक सांगूं नको."

नाही सांगितलं. वहिनींना नाही, माझ्या बायकोला नाही, तुलाही पुन्हा कधी त्याची आठवण दिली नाही. त्या दिवशी थांब्यावर ते अगदी जिभेवर आलं होतं. शिवाप्पा माझा दंड धरून उभा होता, चांगला माणूस आहे तो, त्याला आवडलं असतं. बस आली. मी चढलो, जागा मिळाली, बसलो. सांगितलं नाही. त्याच्याकडे नाणं आहे, रविवार आहेत. हे माझं आहे.